अक्षरारंभाच्या प्रांतोप्रांतीच्या रीती

ब्राह्मीच्या कुळात जन्मलेल्या सगळ्या भारतीय लिपी, त्यांची अक्षरे डोळ्यांना कितीही परस्परविलग दिसोत, जवळजवळ एकाच क्रमाने उभ्या राहतात, ही गोष्ट एकदा शाळेत कानांवरून गेली की पुन्हा तिच्याकडे कोणी कुतूहलाने पाहत नाही. आधी स्वर, मग कंठापासून ओठांपर्यंत उतरत येणारे पाच वर्ग, मग अंतःस्थ आणि त्यांच्यामागून ऊष्मे. मल्याळी मुलाच्या तोंडी काय आणि ओडिया मुलाच्या तोंडी काय, चाल हीच. तेव्हा ज्याने एका प्रांतातले अक्षरशिक्षण पाहिले त्याने सगळ्यांचे पाहिले, असे कोणी म्हटले तर ते वरवर सयुक्तिकच वाटेल. परंतु मूल या वर्णमालेत पहिल्या दिवशी कानाच्या दाराने शिरते, हाताच्या दाराने शिरते की डोळ्याच्या, हा प्रश्न विचारू लागताच हे ऐक्य विरळ होत जाते. आणि प्रांतोप्रांतीचा हा फरक लिपीच्या स्वभावातून जितका निघाला असेल, त्याहून अधिक तो त्या त्या प्रांतात माणसे अक्षरे कशाकरिता शिकत होती, पोथीकरिता, दप्तराकरिता की दुकानाच्या चोपडीकरिता, यातून निघालेला आहे, असे माझे मत आहे. पुढील लेखांच्या लेखकांना ते सर्वांशी मान्य होईलच असे नाही; तरीही प्रस्तावनाकाराला असलेल्या मुभेचा लाभ घेऊन मी ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

या क्रमाचे वय मोठे आहे. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की, येथील मुले सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ नावाचे पहिले पुस्तक हाती घेतात, त्यात एकोणपन्नास वर्ण असून त्यांच्या जोडणीतून दहा हजारांहून अधिक अक्षरे होतात, आणि हा अभ्यास सहा महिन्यांत संपतो. त्याच्या आधी येऊन गेलेल्या ह्युएनत्संगाने मुलांच्या प्रारंभीच्या पाठाचे बारा भाग सांगितले आहेत. त्यात आपल्या बाराखडीची ओळख मराठी वाचकाला तत्काळ पटावी. हेच ‘सिद्धम्’ चीनमार्गे जपानात पोहोचले, आणि आज जपानी मूल जी पन्नास ध्वनींची सारणी अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न अशा क्रमाने म्हणते, तिच्यामागे भारतीय वर्णक्रमच उभा आहे. कातंत्र व्याकरणाचा कर्ता शर्ववर्मा याच्याविषयीची कथा तर आपल्या पैठणशी निगडित आहे. जलक्रीडेच्या वेळी ‘पाणी उडवू नको’ अशा अर्थाच्या राणीच्या संस्कृत वाक्यातला संधी न उमगल्याने सातवाहन राजाने मोदक मागविले, राणी हसली, आणि या फजितीमुळे व्याकरण शिकण्याचा हट्ट धरून बसलेल्या राजाला, मंत्री गुणाढ्य सहा वर्षे लागतील म्हणत असता, शर्ववर्म्याने ते सहा महिन्यांत शिकवून दाखविले. ही ‘कथासरित्सागरा’तली गोष्ट इतिहास म्हणून कोणी घेऊ नये, परंतु त्याच व्याकरणाची आरंभीची सूत्रे पुढे राजस्थानच्या पोसाळांतून, म्हणजे देशी शाळांतून, अर्थ सर्वथा लोपून, नुसत्या नादाच्या रूपाने पोरांच्या तोंडी शतकानुशतके खेळत राहिली, हे मात्र खरे आहे. पंडितांसाठी रचलेला ग्रंथ अखेर पाटीवर येऊन राहिला.

आरंभीचे जे मंगल वचन म्हणावयाचे, त्याचेही प्रत्येक प्रांताने आपापल्या सोयीने तुकडे केले. ‘ॐ नमः सिद्धम्’ हे वचन महाराष्ट्रात झिजून ‘ओनामा’ झाले, आंध्रात त्यात शिवाची भर पडून ते ‘ओनमालु’ झाले, आणि त्या शब्दाने तेलुगू माणूस आज सगळी वर्णमालाच दर्शवितो. केरळाने हरी आणि श्री यांना पुढे करून गणपतीला मागे ठेविले, आणि तमिळ मुलाची पहिली पोथी ‘अरिच्चुवडि’ ठरली. मुसलमान घरांत चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांच्या मुलाची बिस्मिल्ला करून त्याला ‘बगदादी कायदा’ या अरबी अक्षरांच्या पहिल्या पुस्तकाच्या हवाली करण्याचा रिवाज पडला. सगळीकडे पहिला दिवस देवाचा. दुसऱ्या दिवसापासून वाटा फुटतात, आणि प्रस्तुत विषय दुसऱ्या दिवसाचा आहे.

दुसऱ्या दिवशी काय होत असे याचे एक विश्वसनीय वर्णन बेल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्बेल याने १८२३ साली मद्रास सरकारला धाडलेल्या अहवालात मिळते. त्याच्या जिल्ह्यात ५३३ शाळा होत्या. त्यांपैकी २३५ कानडी, २२६ तेलुगू आणि २३ मराठी, आणि उरलेल्या फारसी, संस्कृत, तमिळ व एक इंग्रजी. या एका जिल्ह्याच्या आकड्यांवरूनही, लिपींच्या सीमा आपण नकाशावर रेघ ओढतो तशा कधीच नव्हत्या, हे दिसून येते. गणेशाची पूजा, तांदळांत बोटाने काढलेली पहिली अक्षरे, आणि नंतर वाळूवर बोटाने गिरवण्याचा अखंड परिपाठ, असे सांगून कॅम्बेल एक मार्मिक नोंद करतो: युरोपातील मूल अक्षराचा आधी उच्चार शिकते, येथील मूल आधी ते लिहिते. साहेबाच्या या नोंदीत आपल्या अक्षरशिक्षणाचे मर्म आले आहे. येथे वाचन हे लेखनाच्या पोटी जन्माला आले. डोळ्यांनी ओळखण्याआधी बोट त्या वळणावरून शंभरदा फिरलेले असे, आणि फिरताना तोंडाने त्याचे नाव चाललेले असे.

तथापि हाताच्या या वाटेतही जिल्ह्याजिल्ह्यांत भेद होते. विल्यम अ‍ॅडम याने १८३५ ते १८३८ या काळात बंगाल-बिहारच्या देशी शाळांविषयी जे तीन अहवाल लिहिले, त्यांत राजशाही जिल्ह्यातील शिक्षणाचे चार टप्पे दिले आहेत. पहिल्या टप्प्यात जमिनीवर काडीने अक्षरे काढावयाची, आणि तो सहसा दहा दिवसांपेक्षा अधिक चालत नसे. धूळपाटीचा त्या जिल्ह्यात वापरच नव्हता. दुसऱ्यात ताडपत्रावर शिक्षकाने लोखंडी कंटकाने कोरून दिलेल्या अक्षरांवरून बोरूने आणि कोळशाच्या शाईने गिरवायचे, आणि त्यात अडीच ते चार वर्षे जात. मग केळीचे पान, आणि सर्वांत शेवटी कागद. दहा दिवस धूळ आणि चार वर्षे ताडपत्र! जेथे ताड आणि केळ दारात आहेत तेथे धुळीचे राज्य दहा दिवसांचे, आणि जेथे ती झाडे दुर्मिळ तेथे धूळपाटीच वर्षानुवर्षे मुलाची सोबतीण, हा न्याय भूगोलाचा आहे, शिक्षणशास्त्राचा नव्हे. पंजाबात याच न्यायाने लाकडी तख्ती आली, जिला रोज धुऊन, चिकणमातीचा लेप देऊन, उन्हात वाळवून पुन्हा कोरी करावयाची. लिहिण्याइतकेच पुसण्याचेही शिक्षण तेथे मिळे. केरळात नदीची वाळू मुबलक, म्हणून आशानच्या, म्हणजे गुरुजींच्या, कळरीत (शाळेत) ‘निलत्तेळुत्तु’, म्हणजे जमिनीवरील लेखन, हा स्वतंत्र टप्पाच ठरून गेला. विजयादशमीस मुलाच्या जिभेवर सोन्याने अक्षर रेखून तांदळांत त्याचे बोट फिरविण्याचा तेथील सोहळा आज हिंदूंपुरता राहिलेला नाही. चर्चच्या आवारात आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतही तो होतो, आणि तिरूरला, मल्याळी भाषेचा जनक म्हणून मानल्या गेलेल्या एळुत्तच्छनच्या जन्मस्थानी, त्या दिवशी मुलांची रीघ लागते.

वाळूची ही विद्या समुद्रापारही गेली. मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथ मुलांच्या आश्रमाचा अधीक्षक अँड्र्यू बेल याने देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने लिहिताना आणि थोरली मुले धाकट्यांना शिकविताना पाहिली, ती रीत आपल्या आश्रमात चालू केली, आणि १७९७ साली लंडनास त्याविषयी पुस्तक छापले. इंग्लंडातील गरिबांच्या शाळांत त्यामुळे वाळूची तबके आली. आणि पुढे हीच पद्धत इंग्रज शिक्षक लँकास्टर याच्या नावाने, मोठ्या सुधारणेचा डौल मिरवीत, मुंबई इलाख्यात परत आणण्यात आली. आपल्या अंगणातली माती विलायतेहून मागविण्याचा हा प्रकार त्या काळच्या कोणा पंतोजीच्या ध्यानी आला असेल तर तो मनातल्या मनात हसलाच असेल.

महाराष्ट्रातील पंतोजीची शाळा मात्र दप्तराच्या सावलीत वाढली, आणि तिचा सारा रोख हाताकडे असण्याचे कारण येथेच शोधले पाहिजे. पेशवाईच्या राज्यकारभाराला कारकून हवे होते, आणि कारकुनाला मोडी हवी होती. आधी पानभर आडवी रेघ ओढावयाची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता त्या रेघेखाली अक्षरे टांगीत जावयाचे, हे मोडीचे तंत्र. त्यात वळणाला जे महत्त्व आहे ते उच्चाराला नाही. मोडीत इकार-उकारांना ह्रस्वदीर्घाचा भेद बहुधा नसे, म्हणून पंतोजीही त्याची चिकित्सा करीत नसे. आणि आजही सुशिक्षित मराठी माणूस ‘कि’ आणि ‘की’ यांत अडखळतो तेव्हा त्याच्या आळसाला दोष देण्यापूर्वी त्याच्या पणजोबाच्या लेखणीची चौकशी करावी. देवनागरीला आपण ‘बाळबोध’ म्हणत आलो खरे, पण ती पोथीवाचनापुरती. पोटाची लिपी मोडीच. धुळाक्षरे घटवून झाली की कित्ता, कित्त्यामागून खर्डा, आणि संध्याकाळी सगळ्या शाळेने एका सुरात म्हटलेली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी, या क्रमात अर्थ समजून वाचणे ही गोष्ट फार उशिरा येई, आणि पुष्कळांच्या वाट्याला ती येतही नसे.

उत्तरेकडील सावकारी पेढ्यांनी तर याहून पुढे मजल मारली. महाजनी लिपीत मात्राच देत नसत. त्यामुळे बाबू अजमेरला गेले, मोठी वही पाठवा, या मजकुराचे वाचन बाबू आज मेले, मोठ्या सुनेला पाठवा, असे होऊन घरात रडारड झाली, हा किस्सा मारवाडापासून काशीपर्यंत ऐकू येतो. किस्सा रचलेला असेल. पण ज्या मुलाला आपल्याच पेढीच्या चोपड्या वाचावयाच्या आहेत आणि ज्याला त्यातील प्रत्येक आसामी ठाऊक आहे, त्याला मात्रा शिकविण्यात वेळ का दवडावा, हा त्यामागचा व्यवहार खोटा नव्हे. गोमंतकात दोन शिक्षणे शेजारी शेजारी नांदत होती: हिंदू घरांत शेणवीमामा मराठी बाळबोध आणि हिशेब शिकवी, तर चर्चशी जोडलेल्या शाळेत मेस्त्री नावाने ओळखला जाणारा शिक्षक रोमन अक्षरांबरोबरच गायनाचे स्वरलेखन शिकवी. त्या दुसऱ्या वाटेने आलेल्या मुलांना अक्षर आणि सूर एकाच हाताने मिळाले, आणि गोव्यातील वादकांची परंपरा पाहता ते शिक्षण वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.

आता कानाचे दार. ज्या प्रांतात उच्चार आणि लेखन यांची फारकत झाली तेथे अक्षरांना नावे ठेवावी लागली, आणि याचे उत्तम उदाहरण बंगाल. बंगाली कानाला श, ष आणि स बहुतेक ठिकाणी एकच. ण आणि न एकच. आरंभीचा य म्हणजे जच. आणि ह्रस्व-दीर्घ इकारही उच्चारात एकरूप. म्हणून तेथील मूल नुसते ‘श’ म्हणत नाही, तर तालव्य श, मूर्धन्य ष, दंत्य स अशी पाणिनीय उपपदे लावून अक्षर ओळखते. पाच वर्षांचे पोर मूर्धेची गोष्ट करीत हिंडते, कारण त्याच्या मूर्धेनेच ती बोलणे सोडले आहे. मुलांना अर्थात ही पंडिती नावे पुरत नाहीत, आणि ती त्या मधल्या ष ला ‘पोट कापलेला’ म्हणतात. मराठी मुलांनीही, बंगालीचा वाराही न लागता, त्याला ‘पोटफोड्या’ म्हणावे आणि श ला ‘शेंडीफोड्या’ ठरवावे, हा योगायोग नव्हे. आपल्याही कानाने तो भेद केव्हाच टाकून दिला आहे आणि डोळा त्याची उणीव भरून काढीत आहे. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी १८५५ साली ‘वर्णपरिचय’ लिहिताना याच वस्तुस्थितीकडे धिटाईने पाहिले. दीर्घ ऋ आणि दीर्घ लृ त्यांनी वगळले, अनुस्वार आणि विसर्ग स्वरांतून काढून व्यंजनांत बसविले, ज्या नुक्तेयुक्त अक्षरांचा बंगालीत स्वतंत्र उच्चार आहे त्यांना स्वतंत्र स्थान दिले, आणि क्ष हे जोडाक्षर असल्यामुळे त्याला मालेतून काढले. संस्कृत कॉलेजचा प्राचार्य असलेल्या पंडिताने हे करावे यात मोठेपणा आहे. आपण मात्र क्ष आणि ज्ञ यांना शेवटच्या बाकावर आजही सन्मानाने बसवून ठेविले आहे.

दक्षिणेत कानाचे काम निराळ्या प्रकारे झाले. कानडी ‘कागुणित’ आणि तेलुगू ‘गुणिंतम्’ म्हणताना मूल नुसते का-कि-की म्हणून थांबत नाही; तलकट्टु, गुडि, कोम्मु अशी प्रत्येक खुणेची नावे घेऊन, अमुक अक्षराला अमुक खूण दिली की अमुक होते, असे सूत्र म्हणत जाते, आणि त्यामुळे अक्षर कसे घडले हे कानावरूनच त्याला समजते. आपणही काना, मात्रा, वेलांटी म्हणतो, परंतु बाराखडीच्या तालात ही नावे गुंफलेली नाहीत. ती शुद्धलेखनाच्या तासाला, चुकल्यावर, आठवतात. गुरुमुखीची पस्तीस अक्षरे, म्हणजे ‘पैंती’, ऊडा, ऐडा, ईडी, सस्सा, हाहा अशी सुरू होते; तेथे स आणि ह हे दोघे क च्याही आधी येऊन बसले आहेत, आणि प्रत्येक अक्षराला माणसासारखे नाव आहे. तमिळांचा हिशेब सर्वांहून काटेकोर: बारा प्राणाक्षरे म्हणजे स्वर, अठरा देहाक्षरे म्हणजे व्यंजने, त्यांच्या गुणाकाराने २१६ आणि आय्दम् हे एक वेगळे अक्षर, मिळून २४७. ख, घ, झ यांच्या भानगडीत न पडल्याने हे गणित त्यांना साधले. शिवाय औवैयार हिच्या नावावर असलेल्या ‘आत्तिचूडि’त सुवचनेच वर्णक्रमाने रचलेली असल्यामुळे ओटीवरच्या शाळेतील तमिळ मुलाला अक्षर आणि उपदेश एकदमच गिळावा लागे.

डोळ्याचे दार छापखान्याने उघडले, आणि माझ्या मते सर्वांत अविचाराने उघडले. चित्रे स्वस्तात छापता येऊ लागताच प्रत्येक अक्षरापुढे एक वस्तू उभी राहिली, आणि ती प्रांतागणिक बदलली. तमिळ आणि तेलुगू मुलाला पहिल्याच अक्षरात अम्मा भेटते. आपल्या मुलाला आई दुसऱ्या अक्षरात, आणि तिच्या आधी अननस. जे फळ पोर्तुगिजांनी अमेरिकेतून आणले आणि जे माणदेशातल्या कित्येक मुलांनी चित्राबाहेर पाहिलेले नसते, त्याने मराठी वाङ्मयाच्या उंबरठ्यावर द्वारपाल म्हणून उभे राहावे, हा अंकलिपीकर्त्यांचा निर्णय मला आजतागायत उमगलेला नाही. हिंदी मुलाला तेथे अनार मिळते, ते निदान अंगणात लागते. बंगाली मुलाच्या स्वागताला अजगर. ऐरण, इडलिंबू, शहामृग, खलबत्ता ही मंडळी एकाच वेळी ज्याच्या परिचयाची आहेत असे मूल कोणत्या गावी राहते? ण ने आरंभ होणारा शब्दच नसल्याने तो बाणाच्या शेपटाला बांधावा लागला, ळ बाळाच्या पोटी गेला, आणि हिंदी अंकलिपीने तर ङ, ञ यांच्यापुढे ‘खाली’ असे लिहून प्रामाणिकपणे हात टेकले. याउलट रवींद्रनाथांच्या १९३० सालच्या ‘सहज पाठा’त नंदलाल बोस यांच्या चित्रांत अक्षरापुढे वस्तू टांगलेली नाही, अक्षरेच मुलांसारखी बोलतात, कामे करतात. ओडिशात १८९५ पासून घरोघरी पोहोचलेला ‘वर्णबोध’ लिहिणारे मधुसूदन राव हे मराठी वंशाचे होते, ही गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. पुरीत जन्मलेल्या या गृहस्थाने ओडिया मुलांच्या पिढ्यांना अक्षरे दिली, आणि आपल्याकडे त्यांचे नाव क्वचितच कोणी घेते.

आता ‘गमभन’. मराठी शाळांनी पुढे हाताची जुनी वाट नव्या नावाने पुन्हा धरली, आणि वर्णक्रम बाजूला ठेवून आकारसाम्याने अक्षरांचे गट पाडले. उजवीकडे उभा दंड असलेली ही चार अक्षरे एका वळणाने येतात, आणि काना-मात्रा न शिकताही त्यांतून मग, मन, नग, नभ, गमन असे शब्द तयार होतात, ही युक्ती उत्कृष्ट आहे. तिचा दोष इतकाच की, या शब्दांपैकी मग आणि मन सोडले तर बाकीचे घरात कोणी बोलत नाही. वहीत नभ लिहिणारे मूल अंगणात आभाळच पाहते. या कोड्याचे उत्तर ज्यांनी मुलाकडून शोधू पाहिले, ते गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात, १९२० नंतरच्या काळात, मॉन्टेसोरीच्या खरखरीत कागदाच्या अक्षरांवर गुजराती मुलांची बोटे फिरू लागली. बेल्लारीच्या वाळूवर फिरत होती तशीच, फरक इतकाच की येथे छडी नव्हती. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीहून १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा त्यांच्यापुढे बसलेल्या वारली मुलांची बोली अंकलिपीच्या मराठीहून दूरची होती. तेथे आधी काड्या, बिया, पाने, शिंपले गोळा करणे, त्यांच्या ओळी मांडणे, आणि बोलणे, अक्षर त्यानंतर. गांधीजींनी आत्मकथेत आपल्या वाईट हस्ताक्षराबद्दल खंत व्यक्त करून, मुलांना लिहिण्याआधी चित्रकला शिकवावी असे जे म्हटले आहे, त्याचा प्रयोग एका अर्थी कोसबाडला झाला. वारली घरांच्या भिंतींवर तो आधीपासून होताच.

सन २००९ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला, त्याने ॲ आणि ऑ यांना स्वरांत अधिकृत जागा दिली, आणि बाराखडीची चौदाखडी झाली. बॅट आणि बॉल यांनी अननसाच्या शेजारी बसण्याचा हक्क त्यामुळे मिळविला. हा हुकूम पाठ्यपुस्तकांनी पाळला; फुटपाथवर विकल्या जाणाऱ्या अंकलिप्यांपैकी कित्येकींत अजून बाराच आहेत, आणि घरी आजी ज्या चालीवर ती म्हणून दाखविते तिच्यात चौदांना जागा कशी करावी, हा प्रश्न शासननिर्णयाच्या कक्षेबाहेरचा आहे.

संग्रहाच्या वाचनाविषयी दोन सूचना. परभाषांतील अक्षरांची आणि पाठांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. कानडी, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम् या चार भाषांत ए आणि ओ यांचे ह्रस्व व दीर्घ असे दोन दोन प्रकार असून त्यासाठी आपल्या चालू लिपीत सोय नाही, म्हणून वाचकाने ती नावे त्या भाषेच्या जाणकाराकडून एकदा ऐकून घ्यावीत. दुसरी सूचना विनंतीवजा आहे. ज्यांच्या माळ्यावर जुन्या अंकलिप्या, कित्ते अथवा मोडीच्या वळणाचे खर्डे असतील, विशेषतः १९६७ साली बालभारती स्थापन होण्यापूर्वीचे आणि बेळगाव, कारवार, सोलापूर, नांदेड या दोन भाषांच्या शेजारातले, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी प्रकाशकांस कळवावे. फाटके असले, मुखपृष्ठ गेलेले असले, किंवा एखाद्या पोराने अननसाला मिशा काढलेल्या असल्या, तरी चालेल.